जुन्या मोटारीची किल्ली आणि स्टिअरिंगमधील जोडणी : दोषपरीक्षा व दुरुस्ती

खानदेश आणि दख्खन यांच्यामध्ये आडव्या पसरलेल्या सातमाळ्याच्या डोंगररांगेत ज्या थोड्या खिंडींतून पूर्वीपासून लष्करे, तांडे आणि व्यापारी मालाच्या गाड्या ये-जा करीत आल्या, त्यांपैकी चांदवडची खिंड ही एक. आणि आज तीच वाट मुंबई-आग्रा महामार्ग या नावाने राहुडच्या घाटातून मालेगावकडे उतरते. या वाटेवर मोटार चालविणाऱ्याने इंजिनाची जितकी काळजी वाहावी तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, गाडीच्या किल्लीची वाहावी, असे मी म्हटले तर काही वाचकांना ते अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु ज्या गाडीत किल्लीचे कुलूप स्टिअरिंगच्या कॉलमवर बसविलेले असते, त्या गाडीत ती लहानशी किल्ली एकटीच तीन खाती सांभाळते : बॅटरीतील वीज इंजिनाकडे व दिव्यांकडे सोडते, सेल्फला हुकूम देऊन इंजिन चालू करते, आणि गाडी उभी असताना स्टिअरिंगच्या दांड्यात लोखंडी अडसर सरकवून चाकांची दिशा जखडून ठेवते. या तिन्ही कामांना एकत्र बांधणारी जी जोडणी कॉलमच्या आवरणाखाली दडलेली असते, तिच्यात झीज किंवा मोडतोड झाली असता दोष कसा ओळखावा आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ही व्यवस्था एकाएकी अस्तित्वात आलेली नाही. हँडल मारून इंजिन फिरविण्याच्या कष्टांतून चालकाची सुटका १९१२ च्या कॅडिलॅक गाडीतील विजेच्या सेल्फने केली खरी, परंतु त्यानंतरही कित्येक वर्षे किल्ली वेगळी आणि सेल्फचे बटण वेगळे अशीच वहिवाट चालू होती. किल्ली फिरविताच सेल्फ लागावा ही सोय क्रायस्लरने १९४९ साली आणली. चोरीला आळा बसावा म्हणून स्टिअरिंग जखडणारे कुलूप पश्चिम जर्मनीने १९६१ पासून नव्या मोटारींना सक्तीचे केले, आणि अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६९ च्या गाड्यांपासून किल्ली डॅशबोर्डवरून उचलून कॉलमवर नेली. आपल्याकडील जुन्या ॲम्बॅसेडरच्या कॉलमवर गिअरची दांडी असे, किल्ली मात्र डॅशबोर्डवरच राही. कॉलमवरचे कुलूप सामान्य कुटुंबाच्या हाताला परिचित झाले ते १९८३ साली अवतरलेल्या मारुती ८०० मुळे आणि तिच्या मागोमाग आलेल्या जपानी धाटणीच्या गाड्यांमुळे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, तथापि मळ्यातून बाजार समितीकडे आणि वस्तीवरून शाळेकडे जाणारी ती गाडी आमच्या भागात अद्याप पुष्कळ ठिकाणी नजरेस पडते, आणि तिच्या वयाबरोबर तिची किल्लीही म्हातारी झालेली असते.

जोडणीची रचना ध्यानात आल्यावाचून आवरणाच्या एकाही स्क्रूला हात लावू नये. मारुती ८०० च्या घराण्यातील गाड्यांत किल्ली ज्या नळकांड्यात शिरते त्याला कारागीर ‘बॅरल’ म्हणतात. या बॅरलच्या मागच्या टोकाला एक चपटी जीभ असते, ती जाता जाता अडसराला मागे ओढते किंवा पुढे सोडते, आणि शेवटी कुलपाच्या पाठीवर बसविलेल्या विजेच्या स्विचच्या खाचेत शिरून त्याला फिरविते. अंतर बोटभराचे, पण एका कडीने दुसऱ्या कडीला फिरवावयाचे असल्यामुळे प्रत्येक सांध्यातील थोडी थोडी झीज शेवटी एकत्र होऊन स्विचपाशी पोहोचते. जुन्या अमेरिकन गाड्यांत हेच अंतर हातभर लांब केलेले असते : बॅरल एका दातेरी पाकळीला फिरविते, पाकळी एका दातेरी पट्टीला वर-खाली सरकविते, त्या पट्टीला अडकविलेली सळई कॉलमच्या अंगाने खाली उतरते आणि चालकाच्या गुडघ्यांच्या वर, कॉलमच्या खालच्या भागात बसविलेल्या सरकत्या स्विचला ओढते किंवा ढकलते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी हौसेने अशी गाडी बाळगून असेल, तर किल्ली आणि स्विच या दोहोंत एवढे अंतर आहे ही गोष्ट त्याने प्रथम मनाशी पक्की करावी. कारण तेथे पुष्कळदा किल्ली निर्दोष असते, स्विच निर्दोष असतो, आणि कसूर केवळ मधल्या सळईचा असतो.

आता दोषपरीक्षा. माझ्या मते या कामातील निम्म्याहून अधिक कौशल्य येथेच आहे, आणि निम्म्याहून अधिक पैसा येथेच वाया जातो. कारण गाडी चालू होत नाही एवढ्यावरून कोणी सेल्फ मोटर उतरवितो, कोणी बॅटरी बदलतो, आणि मूळ दोष आवरणाखाली जसाच्या तसा बसून राहतो. प्रथम बॅटरीची खातरजमा करावी. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, १२.२ च्या आसपास ती निम्मी उतरलेली असते, आणि सेल्फ फिरत असताना हा आकडा साधारणतः ९.६ च्या खाली जाऊ नये. किल्ली फिरविताच सेल्फपाशी नुसता ‘टक्’ असा आवाज होतो आणि दिवे मंद होतात, तर तक्रार बहुधा बॅटरीची, तिच्या टर्मिनलवरील पांढऱ्या क्षारांची, किंवा अर्थिंगच्या सैल तारेची असते. अशा वेळी किल्लीच्या जोडणीवर आळ घेण्याचे कारण नाही.

किल्ली आत जाते परंतु मुळीच फिरत नाही, तेव्हा आधी स्टिअरिंगवरचा ताण पाहावा. चाके वळवून गाडी लावलेली असेल तर अडसर खाचेत दाबला जातो आणि कुलूप अडते. स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवीत किल्ली हलक्या हाताने फिरविल्यास ते सुटते, आणि त्यासाठी पक्कड लावून किल्ली पिरगळणे म्हणजे धडधाकट बॅरलचा नाश करणे होय. याउलट किल्ली वाजवीपेक्षा सैल फिरत असेल, हाताला स्प्रिंगचा प्रतिकार जाणवत नसेल आणि डॅशबोर्डवरचा एकही दिवा लागत नसेल, तर जीभ, पाकळी किंवा सळई यांपैकी काहीतरी तुटले अथवा निसटले आहे असे समजावे. किल्ली नेहमीच्या जागेपेक्षा थोडी पुढे रेटावी लागते, किंवा दाबून धरावी लागते, तेव्हा तुटलेले काही नसते. सांधे झिजल्यामुळे किल्लीचा पूर्ण फेर स्विचपर्यंत पोहोचत नसतो. सेल्फ लागून इंजिन चालू होते पण किल्ली सोडताच बंद पडते, तर स्विचच्या आतील ‘ऑन’चा संपर्क गेलेला असतो.

सर्वांत घातक लक्षण मात्र याहून निराळे आहे. इंजिन चालू झाल्यावर किल्ली सोडूनही सेल्फ घरघरतच राहतो, म्हणजे बहुधा जोडणी परत येत नाही. अशा वेळी किल्ली लगेच उलट फिरवावी, आणि तेवढ्यानेही सेल्फ थांबला नाही तर बॅटरीची तार काढावी, नाहीतर सेल्फ मोटर जळते आणि तारांनाही आग लागू शकते. तसेच ‘ऑन’ असतानाच किल्ली हातात निघून येत असेल, तर त्या गाडीचे कुलूप कुलूप राहिलेले नाही हे मान्य करून तिचा प्रवास तेथेच थांबवावा.

दोष यांत्रिक की विजेचा, याचा निकाल लावणारी एक साधी परीक्षा आहे, आणि तिच्यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, किल्ली कुलपातच ठेवून ‘ऑन’वर आणावी म्हणजे अडसर मागे राहतो, मग बॅटरीची तार तात्पुरती सोडवून, कुलपाच्या पाठीवरील विजेचा स्विच त्याचा स्क्रू काढून जिभेपासून अलग करावा, आणि तार पुन्हा जोडून स्विचची खाच एका बारीक स्क्रूड्रायव्हरने हळूच फिरवावी. इंजिन नीट चालू झाले व चालू राहिले, तर स्विच निर्दोष आणि दोष जोडणीत. तसे न झाले, तर जोडणीची झडती घेण्यात अर्थ नाही, स्विचच बदलावयास हवा. लांब सळईच्या गाडीत हीच परीक्षा खालच्या स्विचची सरकपट्टी स्क्रूड्रायव्हरने सरकवून करता येते. टेस्ट लॅम्प हाताशी असल्यास स्विचला तारा जोडणाऱ्या कपलरमधील कोणत्या तारेत वीज सदैव असते, कोणत्या तारेत ‘ऑन’वर येते आणि कोणत्या तारेत केवळ सेल्फच्या वेळी येते, हे पाहून तारांच्या रंगांसह कागदावर लिहून ठेवावे, हा कागद पुढे वायरमनलाही उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष दुरुस्तीस हात घालताना बॅटरीची ऋण तार प्रथम काढावी आणि ती परत टर्मिनलला शिवणार नाही अशी बाजूला बांधावी. गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर हे काम घरी करूच नये. ते प्रशिक्षित कारागिराच्या स्वाधीन करावे. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीत आवरणाचे स्क्रू बहुधा खालच्या अंगाने असतात. उन्हाळ्यात दिवसचे दिवस उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असल्यामुळे दोन्ही अर्धे भाग सकाळच्या थंड वेळी ओढण्याऐवजी, गाडी थोडी उबदार झाल्यावर, कडेकडेने सोडवीत काढावेत. प्रत्येक पायरीला मोबाईलवर छायाचित्र घ्यावे, आणि निघालेले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ताटलीत मांडावेत.

केवळ विजेचा स्विच गेला असेल, तर तो एकटा बदलता येतो आणि काम अर्ध्या तासाचे असते. मात्र नवा स्विच बसविण्यापूर्वी कपलरच्या पिना अवश्य पाहाव्यात : काळवंडलेली पिन आणि वितळलेले प्लॅस्टिक दिसले, तर तो स्विच वयाने गेलेला नसून अतिभाराने जळलेला आहे. जास्तीचे दिवे, मोठा हॉर्न, टेप यांच्या तारा किल्लीच्या स्विचवरच जोडण्याची जी रीत पडली आहे ती सर्वस्वी चुकीची असून असा प्रत्येक भार स्वतंत्र रिलेवर आणि फ्यूजवर घ्यावयास हवा. सेल्फच्या बाबतीतही जुनी तार आणि जुना स्विच यांतून पुरेशी वीज पोहोचत नसेल तर चार पायांचा रिले हा उत्तम इलाज आहे : त्याच्या ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीची तार फ्यूजमधून द्यावी, ८७ वरून सेल्फच्या सोलेनॉइडकडे न्यावी, ८६ ला किल्लीची सेल्फची तार जोडावी आणि ८५ ला अर्थ करावे. यामुळे किल्लीवरून फक्त रिलेपुरती अल्प वीज वाहते आणि स्विचचे आयुष्य वाढते.

जीभ किंवा दातेरी पाकळी तुटलेली आढळली, तर ती जोडण्याचा आग्रह धरू नये. हे भाग बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने ते वितळतात, आणि चिकटद्रव्याने जोडलेला तुकडा नेमका सेल्फच्या ताणाखाली सुटतो. नवा भाग, किंवा नवे कुलूपच, घ्यावे. कॉलमवरचे कुलूप ज्या बोल्टांनी आवळलेले असते, त्यांची डोकी कारखान्यातच आवळताना मुद्दाम तुटतील अशी केलेली असतात, जेणेकरून चोराला ते सहज खोलता येऊ नये. असे बोल्ट काढण्यासाठी त्यांच्या गोल डोक्याच्या कडेला बारीक छिन्नी तिरपी लावून हलक्या ठोक्यांनी उलट दिशेला फिरवावेत, किंवा मध्यावर पंच मारून ड्रिलने पोखरावेत. घाई केल्यास छिन्नी सटकून वायरिंगवर जाते. नवे बोल्ट प्रथम हातापुरतेच आवळून सर्व परीक्षा पूर्ण कराव्यात, आणि खात्री पटल्यावरच डोके तुटेपर्यंत आवळावेत. हा क्रम उलटा केला, तर सबंध काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

लांब सळईच्या गाडीत काम अधिक खोल जाते. स्टिअरिंगचे चाक काढण्यापूर्वी चाकावर आणि दांड्यावर एकमेकांसमोर खूण करावी, नट सोडवून पुलर लावावा, आणि कोणत्याही कारणास्तव दांड्याच्या टोकावर हातोडी मारू नये; कारण अपघाताच्या वेळी चालकाच्या छातीवर आघात होऊ नये म्हणून या कॉलमची रचना दबून आत जाणारी केलेली असते, आणि तिला धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिना हातोडीच्या ठोक्यांनीच तुटतात. पुष्कळदा इतके खोल जावेच लागत नाही. खालच्या स्विचच्या पट्टीला लांबट भोके असतात. किल्ली उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत ठेवून, स्विच त्याच स्थितीत आणून, कॉलमवर किंचित वर किंवा खाली सरकवून स्क्रू आवळले, म्हणजे वर्षानुवर्षांच्या झिजेने हरवलेला फेर परत मिळतो.

येथे एका प्रचलित उपायाविषयी स्पष्ट लिहिणे मी कर्तव्य समजतो. किल्लीची जोडणी बिघडली की दोन तारा एकत्र पिळून किंवा डॅशबोर्डखाली एक बटण बसवून गाडी ‘डायरेक्ट’ करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, आणि ती स्वस्त व तात्काळ असल्यामुळे लोकांना पटतेही. पण अशा गाडीत वीज बटणाच्या ताब्यात गेलेली असते आणि अडसर मात्र अजून मोडक्या कुलपाच्याच ताब्यात असतो. तो धक्क्यासरशी पुढे सरकून स्टिअरिंगच्या दांड्यातील खाचेत बसला, तर वळणावर स्टिअरिंग जागच्या जागी थिजते. किल्ली नसताना गाडी फिरत राहणे म्हणजे ती कोणाच्याही हाती फिरू शकणे. चोरी झाल्यास विमा कंपनी बहुधा मूळच्या दोन्ही किल्ल्या मागते, त्या वेळी बटणाचा खुलासा करीत बसावे लागते. वाटेत अडकलेल्या माणसाला घरापर्यंत पोहोचण्यापुरती एखादी तजवीज करावी लागली तर ती मी समजू शकतो, पण त्याआधी कुलपातील अडसर बाहेर काढलेला असावा किंवा तो पुरा मागे अडवून ठेवलेला असावा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये जावी.

याच संदर्भात उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याच्या सवयीचा उल्लेख केला पाहिजे. राहुडचा उतार, पुढे-मागे मालाने लादलेले ट्रक, आणि किल्ली मागे फिरविलेली गाडी, हे तिन्ही एकत्र येऊ देऊ नयेत. ज्या गाड्यांचे ब्रेक व्हॅक्युमच्या साह्याने चालतात त्यांत इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन वेळा पाय दाबल्यानंतर ब्रेक दगडासारखा कठीण होतो. आणि किल्ली चुकून शेवटच्या घरापर्यंत गेली व हातात आली, तर अडसर बाहेर पडण्यास मोकळा होतो. या धोक्यासाठीच अनेक गाड्यांत किल्ली शेवटच्या घरात नेण्यापूर्वी आत दाबावी लागते; झिजलेल्या बॅरलमध्ये हीच अट ढिली पडलेली असते, म्हणून दुरुस्तीनंतर ती आवर्जून तपासावी.

आवरण लावण्यापूर्वीची परीक्षा सावकाश करावी. किल्लीचे प्रत्येक घर स्वतंत्रपणे जाणवले पाहिजे, सेल्फवरून सोडताच ती आपोआप ‘ऑन’वर परत आली पाहिजे, ‘ऑन’ असताना ती बाहेर निघता कामा नये, बाहेर काढल्यावर स्टिअरिंग जखडले पाहिजे आणि किल्ली फिरविल्यावर अडथळ्याविना सुटले पाहिजे. नंतर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवावे आणि त्या वेळी किल्ली हलकेच हलवून पाहावी. इंजिन अडखळले, तर एखादी तार ताणली जात आहे असे समजून ती मोकळी करावी. इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांची जोडणीही याच आवरणाखाली असल्यामुळे तीही पाहून घ्यावी. त्यानंतर गाडी मनमाड रस्त्याच्या सपाटीवर थोडी फिरवून आणावी आणि मगच लांबच्या प्रवासाला काढावी.

राहता राहिला झिजेच्या कारणांचा विचार. आमच्या भागातील उन्हाळी धूळ बारीक असते. शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या बॅरलमध्ये ती शिरते, आणि अडलेल्या कुलपात मालक भक्तिभावाने इंजिन ऑइल किंवा ग्रीस सोडतो, तेव्हा तेल आणि धूळ मिळून कानशीसारखा लेप तयार होतो. बॅरलला तेल कधीही घालू नये; हवेने फुंकून घ्यावे आणि ग्रॅफाइटची कोरडी भुकटी किंचित सोडावी. झिजलेल्या किल्लीवरून दुसरी किल्ली पाडून घेतली, तर तीही झिजलेलीच जन्मते. घरात न वापरलेली मूळची दुसरी किल्ली असेल तर नक्कल तिच्यावरून करावी.

आणि सर्वांत मोठे कारण किल्लीच्या कडीत लोंबत असते. मळ्यातील खोली, मोटारपंपाची पेटी, कांदाचाळ, दुकान या सगळ्यांची कुलपे गाडीच्या किल्लीबरोबर एका गुच्छात बांधण्याची आपली रीत आहे, आणि तो गुच्छ खराब रस्त्यावर दिवसभर बॅरलला खाली ओढीत असतो. हे वजन किती महत्त्वाचे असते ते २०१४ साली जगाला कळून चुकले : जनरल मोटर्सच्या काही गाड्यांतील किल्लीच्या स्विचची अटकाव-स्प्रिंग इतकी दुबळी होती की गुच्छाच्या वजनाने किंवा धक्क्याने किल्ली चालत्या गाडीत मागे सरकत असे, इंजिन बंद पडे, पॉवर स्टिअरिंग जाई आणि एअरबॅगही उघडत नसे. त्या दोषापायी सुमारे २६ लाख गाड्या परत मागवाव्या लागल्या आणि भरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. नवा भाग बसेपर्यंत मालकांना कंपनीने दिलेली सूचना एकच होती : कडीत केवळ गाडीची किल्ली ठेवा. ज्यांच्या गाडीची जोडणी आज ठणठणीत आहे त्यांनीही ही सूचना पाळावी, आणि हा अंक बाजूला ठेवताच आपली किल्ली गुच्छातून सोडवून घ्यावी.